जीर्ण विमाने आणि घसाऱ्याचा हिशेब

(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संरक्षणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सूर उमटतात. एक म्हणतो, तोफा कमी करा आणि त्या पैशांतून शाळा काढा. दुसरा सीमेकडे बोट दाखवितो आणि प्रश्न विचारणाऱ्याच्या देशनिष्ठेविषयीच शंका घेतो. दोघांचेही आवेश मोठे; पण जमाखर्चाची वही दोघेही उघडत नाहीत. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाला वहीवाचून बोलता येत नाही. म्हणून आज हवाई दलाच्या लढाऊ विमानांचा प्रश्न मी त्या वहीतूनच मांडणार आहे. नाशिकमध्ये तो मांडणे अगत्याचेही आहे. येथून हाकेच्या अंतरावर, ओझरला, या विमानांपैकी शेकडो विमाने कामगारांच्या हातांनी जोडली गेली.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे मिग-२१ या विमानाला समारंभपूर्वक निरोप देण्यात आला. १९६३ साली ते याच चंडीगढला हवाई दलात दाखल झाले होते. म्हणजे ६२ वर्षे. ज्या पिढीसाठी ते आणले ती पिढी निवृत्त झाली, तिची मुले निवृत्त झाली आणि नातवंडे त्याच जातीचे विमान उडवीत राहिली. निरोपानंतर लढाऊ विमानांच्या २९ तुकड्या उरल्या. मंजूर संख्या ४२ आहे. वृत्तपत्रांनी मानवंदनेची छायाचित्रे छापली. पण बासष्ट वर्षे एखादे लढाऊ विमान वापरावे का लागले, हा प्रश्न त्या गर्दीत हरवला.

अर्थशास्त्रात घसारा नावाची एक साधी कल्पना आहे. कोणतेही यंत्र वापरले की झिजते. ते दहा वर्षे टिकणार असेल तर दरवर्षी त्याच्या किमतीचा दहावा हिस्सा बाजूला ठेवावा, म्हणजे ते निकामी होईल त्या दिवशी नवे घेण्याची ऐपत हाताशी असते. हे कळायला पदवी लागत नाही. जाणता शेतकरी बैल थकण्याआधीच गोठ्यात गोऱ्हा वाढवितो. विमानाचेही तसेच आहे. उड्डाणाचे तास ठरलेले असतात. धातूला थकवा येतो, सांधे झिजतात, रबर आणि तारा उभ्या जागी जुन्या होतात. पण सरकारी हिशेबात घसाऱ्याला जागाच नाही. आपले अंदाजपत्रक रोखीच्या पद्धतीचे आहे. विमान घेतले त्या वर्षी खर्च पडतो आणि पुढल्या वर्षापासून ते विमान वहीतून अदृश्य होते. ते दरसाल म्हातारे होत आहे याची नोंद अर्थखात्याच्या कोणत्याच रकान्यात होत नाही. मग तीस-चाळीस वर्षांनी एक दिवस सगळा ताफा एकदम म्हातारा झाल्याचे लक्षात येते आणि तहान लागल्यावर विहीर खणण्याची धावपळ सुरू होते.

वहीत न मांडलेला खर्च नाहीसा होत नाही, तो कोणीतरी भरतोच. मे २०१२ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी राज्यसभेत सांगितले की, मिग मालिकेतील ८७२ विमानांपैकी ४८२ विमानांना अपघात झाले. त्यांत १७१ वैमानिक, ३९ नागरिक आणि अन्य सेवांतील ८ जण मृत्युमुखी पडले. हे आकडे युद्धाचे नाहीत, शांततेच्या काळातील नित्याच्या उड्डाणांचे आहेत. त्या सगळ्याचे खापर विमानाच्या वयावर फोडणेही योग्य नाही. मिग-२१ ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने धावपट्टीवर उतरणारे, चूक माफ न करणारे विमान. ‘किरण’सारख्या संथ विमानावर शिकलेल्या विशी-बाविशीच्या मुलांना मधल्या पायरीवाचून त्याच्याकडे नेले जाई. ती मधली पायरी, म्हणजे प्रगत प्रशिक्षण विमान, हवी अशी शिफारस ला फाँटेन समितीने १९८२ साली केली. ‘हॉक’ विमानांचा करार झाला २००४ साली आणि पहिली विमाने दलात आली २००८ साली. शिफारस आणि विमान यांच्यामध्ये सव्वीस वर्षे गेली, आणि या काळात सर्व रंगांची सरकारे येऊन गेली.

आपल्या चळवळीचा या गोष्टीशी एक संबंध आहे. तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९९८ ते २००४ या काळात, मधले काही महिने वगळता, संरक्षणमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. सप्टेंबर २००१ मध्ये पुण्याचा एक तरुण वैमानिक राजस्थानात मिग-२१ च्या अपघातात गेला आणि त्याच्या आईवडिलांनी या विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न सरकारपुढे आणि जनतेपुढे नेटाने मांडला. ‘उडत्या शवपेट्या’ हा शब्द देशभर रूढ झाला. त्याला उत्तर म्हणून जॉर्ज २००३ साली अंबाल्याला स्वतः मिग-२१ मध्ये बसून आकाशात गेले. वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी केलेले ते धाडस त्यांच्या स्वभावाला साजेसेच होते. परंतु मंत्री एका उड्डाणातून सुखरूप परतला, याने त्या आईच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. तिचा प्रश्न एका उड्डाणाचा नव्हता, हजारो उड्डाणांच्या सरासरीचा होता. हॉकचा निर्णय जॉर्ज यांच्याच कारकिर्दीत मार्गी लागला, हे मात्र त्यांच्या खात्यावर जमा धरलेच पाहिजे. माझ्या मते अंबाल्याच्या उड्डाणापेक्षा ते काम कितीतरी मोठे होते. पण त्याचे छायाचित्र निघत नाही.

आता ओझरकडे वळू. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६४ साली निफाड तालुक्यातील ओझरच्या माळावर मिगचा कारखाना उभा राहिला. इंजिने ओडिशातील कोरापुटला, विद्युत उपकरणे हैदराबादला आणि सांगाडा व जोडणी येथे, अशी वाटणी होती. या कारखान्याने मिग-२१ च्या अनेक आवृत्त्या केल्या, मिग-२७ केले, पुढे सुखोई-३० केले. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांची मुले दशसहस्रांश अचूकतेची कामे करू लागली. सार्वजनिक क्षेत्राने या देशाला काय दिले, असे कोणी विचारले तर मी त्याला प्रथम ओझर दाखवीन.

पण परवान्यावर विमान बनविणे आणि विमानाची रचना करणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परवाना देणारा ‘कसे’ शिकवितो. ‘का’ हे तो स्वतःपाशी ठेवतो. रचनेची वाट आपण कधी धरलीच नाही असे नाही. बंगळूरला कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याच्या मार्गदर्शनाखाली झालेले ‘मरुत’ विमान जून १९६१ मध्ये, म्हणजे मिग येण्याच्याही आधी, आकाशात उडाले. त्याचा सांगाडा उत्तम होता. दुबळे होते ते इंजिन. ज्या शक्तिमान इंजिनासाठी विमान रचले होते त्याच्या विकासाचा खर्च भारताने उचलावा असे ब्रिटिश कंपनीने सुचविले आणि आपण नकार दिला. त्या काटकसरीचे फळ असे की, १४७ विमाने बनवून मरुतचा अध्याय संपला. त्यातून घडलेला रचनाकारांचा ताफा पांगला. दोन दशकांनंतर, १९८३ साली, हलक्या लढाऊ विमानाचा प्रकल्प मंजूर झाला तेव्हा पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागला. तेच आजचे ‘तेजस’. ते प्रथम उडाले २००१ साली आणि त्याची पहिली तुकडी उभी राहिली २०१६ साली. त्याच्यासाठी १९८९ मध्ये हाती घेतलेले ‘कावेरी’ इंजिन पुरेसा जोर देऊ शकले नाही. २००८ साली ते तेजसपासून वेगळे करण्यात आले. विमानाला अमेरिकन इंजिन बसले. २०२१ साली ८३ सुधारित तेजसची मागणी नोंदविली गेली. मार्च २०२४ पासून ती मिळावयाची होती. २०२५ संपले तरी त्यांतील एकही हवाई दलात दाखल झालेले नव्हते. विलंबाची कारणे एकाहून अधिक होती, पण त्यांतले एक अगदी उघड होते. अमेरिकेतून यावयाच्या इंजिनांपैकी पहिले इंजिन मार्च २०२५ मध्ये आले. मरुतच्या वेळी जी गाठ बसली तीच साठ वर्षांनी पुन्हा बसली.

खाजगीकरणाचे पुरस्कर्ते यावर म्हणतात, पहा तुमचे सार्वजनिक क्षेत्र! हवाई दलप्रमुख अमरप्रीत सिंग यांनीही २०२५ मध्ये, एकही प्रकल्प वेळेवर पूर्ण झाल्याचे आठवत नाही, अशा आशयाचे परखड बोल जाहीरपणे सुनावले. सदोष बांधणीमुळे झालेल्या मिग-२१ च्या एका अपघातापायी वैमानिकाला ५५ लाख रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ साली दिला, आणि त्यातला मोठा हिस्सा हिंदुस्थान एरोनॉटिक्सला भरावयास सांगितला. सार्वजनिक मालकीवर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी या टीकेकडे इतरांपेक्षा अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. सदोष काम हे सदोषच असते, मग मालक कोणीही असो.

मात्र कारखान्याला वेळापत्रक पाळावयास सांगणाऱ्या ग्राहकाचे वेळापत्रक कसे आहे तेही पहा. २००७ साली १२६ विमानांसाठी निविदा निघाली. त्यांतील १०८ हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवावयाची होती. २०१२ साली राफेलची निवड झाली. २०१५ साली पंतप्रधानांनी पॅरिसमध्ये ३६ तयार विमानांची घोषणा केली, २०१६ साली सुमारे ५९ हजार कोटींचा करार झाला आणि १०८ विमानांचे काम हवेत विरले. सुखोईची ठरलेली संख्या पूर्ण होत आली तेव्हा आता पुढे काय, हा प्रश्न ओझरच्या वसाहतीपुढे होताच. नंतर डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंची मागणी आली आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी ओझरच्या धावपट्टीवरून येथे बनलेले पहिले सुधारित तेजस उडाले. चांगली गोष्ट आहे. पण कुशल कामगाराचा हात नळासारखा उघडता-मिटता येत नाही, हे दिल्लीला कोण सांगणार?

थोडे अंकगणित करू; कागदावर टिपून घ्या. ४२ तुकड्या, प्रत्येकी १८ विमाने, म्हणजे ७५६ विमाने. एका विमानाचे आयुष्य उदारपणे ३६ वर्षे धरले, तर दरवर्षी २१ नवी विमाने आलीच पाहिजेत. युद्ध असो वा नसो, सरकार कोणाचेही असो. हाच तो घसारा. आता पुढील दहा-बारा वर्षांचे चित्र पहा. १९७९ पासून सेवेत असलेल्या जग्वारच्या सहा तुकड्या, १९८० च्या दशकात आलेल्या मिराज आणि मिग-२९ यांच्या प्रत्येकी तीन, अशा १२ तुकड्या निवृत्तीच्या वाटेवर आहेत. एकट्या २०२५ मध्ये मार्च, एप्रिल आणि जुलै या महिन्यांत तीन जग्वार कोसळली. जग्वार उडविणारे भारताचे हवाई दल हे आता जगातले एकमेव. नवे सुटे भाग मिळणे अवघड झाले आहे. त्यांना नवी इंजिने बसविण्याचा बेत खर्चापायी २०१९ साली सोडून दिला गेला. दुसऱ्या बाजूला २०२१ ची ८३ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदविलेली ९७, अशी १८० तेजस, म्हणजे दहा तुकड्या. बारा जाणार, दहा येणार. सारे वेळेवर घडले तरी आपण २९ वरून २७ वर येऊ. परदेशी विमानांची नवी खरेदी झाली तर ही खाच भरून निघेल, पण पुन्हा परकीय चलनात आणि पुन्हा एकगठ्ठा, म्हणजे तीस वर्षांनी ती सगळी एकदमच म्हातारी होणार.

पैसा नाही म्हणून हे घडते का? २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटींची तरतूद होती. भांडवली खर्च त्यात १ लाख ८० हजार कोटी. त्याच वर्षी केंद्राच्या शिक्षणखात्याला १ लाख २८ हजार कोटी मिळाले. रक्कम लहान नाही. ती नेमकी केव्हा हाती येते, हा प्रश्न आहे. न खर्चलेली रक्कम ३१ मार्चला परत जाते आणि विमानाचा करार मात्र दहा वर्षे चालतो. २००४ च्या अंतरिम अंदाजपत्रकात जसवंतसिंग यांनी २५ हजार कोटींच्या, वर्षअखेरीस न बुडणाऱ्या आधुनिकीकरण निधीची घोषणा केली. सरकार बदलले आणि निधी विसरला गेला. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ साली पाच वर्षांसाठी २ लाख ३८ हजार कोटींचा तसाच निधी सुचविला. सरकारने तत्त्वतः मान्यता दिली. तत्त्वतः मान्यता हा आपल्या प्रशासनातील नकाराचा सर्वांत सभ्य प्रकार आहे.

मग आपण कोणती भूमिका घ्यावी? ‘विमाने नकोत’ म्हणणे सोपे आहे, पण ते अर्धवट आहे. विमाने न घेता उड्डाणे चालूच ठेवली तर बचत सरकारची होते आणि किंमत वैमानिकाच्या घरात मोजली जाते. कामगाराला मोडक्या यंत्रावर राबविणाऱ्या मालकाविरुद्ध आपण लढे दिले. हवाई दलातील तंत्रज्ञ आणि वैमानिक यांना संघटना करता येत नाही, संप करता येत नाही, म्हणून त्यांच्या यंत्राची चौकशी करण्याचे आपले कर्तव्य संपत नाही, उलट वाढते. आणि ४२ हा आकडाही काही वेदवाक्य नव्हे. दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे आणि वैमानिकरहित विमाने यांच्या काळात ३५ पुरतील का, याची चर्चा होऊ शकते. माझे मन त्या बाजूला झुकते. परंतु ती चर्चा संसदेत, उघडपणे व्हावी आणि जो आकडा ठरेल त्याचा घसारा दरवर्षी भरला जावा. ४२ चा आग्रह कागदावर ठेवायचा आणि २९ वर काम चालवायचे, हा शत्रूला फसविण्याचा डाव नाही. शत्रू उपग्रहातून विमाने मोजतो. फसतो तो करदाता.

या जिल्ह्यातून संसदेत जाणाऱ्या प्रतिनिधींना भेटण्याचे आपण ठरविले आहे. त्या निवेदनात ओझरला काम द्या एवढेच लिहू नका. ते सगळेच लिहितात. दरवर्षी किती विमाने, किती वर्षे, आणि त्यासाठी न बुडणारा निधी केव्हा, हे तीन प्रश्न लेखी विचारा. स्वदेशी इंजिनावर आजवर झालेला खर्च आणि एका परदेशी खरेदीची किंमत शेजारी शेजारी मांडून मागा. शिवाय जग्वारच्या प्रत्येक तुकडीच्या निवृत्तीची तारीख विचारा. गुप्ततेचे कारण पुढे केले जाईल. तेव्हा संरक्षणविषयक स्थायी समितीपुढे तरी ती ठेवावी, असा आग्रह धरा.