भोगवर्धनाचे मणि

जालना जिल्ह्यांतील शेतकरी नांगराच्या वाटेंत आलेली गारगोटी उचलतो आणि बांधावर फेकून देतो. पाऊस बेताचा, माळ उघडे. अशा मुलुखांत भूषणाला योग्य असें कांहीं पायांखालीं असेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. भोकरदनच्या जुन्या रहिवाशांना मात्र या दगडांची पारख होती.

केळना नदीच्या कांठचें हें गांव म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पैठणहून उज्जयिनीकडे जाणाऱ्या मार्गावर तें वसलें होतें. येथील दात्यांचे उल्लेख सांचीच्या स्तूपावर कोरलेले आहेत. इ. स. १९७३ मध्यें नागपूर व मराठवाडा विद्यापीठांच्या वतीनें देव आणि गुप्ते या संशोधकांनीं येथें उत्खनन केलें. त्यांत अकीकाचे व कांचेचे मणि, शंखाच्या बांगड्या आणि एक भग्न हस्तिदंती स्त्रीमूर्ति मिळाली. इटलींतील पाँपेई येथें १९३८ मध्यें सांपडलेल्या, हातापायांत दागिन्यांची दाटी असलेल्या मूर्तीशीं तिचें साम्य आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्यें राखेखालीं गेलें. त्यापूर्वींच दक्षिणेकडील अलंकारांची हौस समुद्रापार पोंचली होती.

शंख समुद्राचा, हस्तिदंत अरण्याचा. अकीक मात्र या भूमीचा. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं येथें लाव्हा पसरला. तो थिजतांना वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. त्यांत सिलिकायुक्त पाणी झिरपून थरावर थर बसले आणि अकीक तयार झाला. पेरिप्लस या पहिल्या शतकांतील ग्रीक ग्रंथांत, पैठणहून असे दगड गाड्यांनीं भडोचला जात, असा उल्लेख आहे; ती वाट वीस दिवसांची होती.

दगडाचा मणि होण्यास मोठा धीर लागतो. खंबायतेच्या कारागिरांची परंपरागत रीत पाहिली म्हणजे याची कल्पना येते. दगड प्रथम उन्हांत वाळवितात, मग मडक्यांत घालून मंद आंचेवर भाजतात. त्यांतील लोहांश तापून फिकट दगड तांबडा होतो. जमिनींत रोवलेल्या लोखंडी पहारेच्या टोकावर तो धरून शिंगाच्या हातोडीनें कपच्या उडवितात. नंतर घासणें, भोंक पाडणें आणि झिलई. भोंक पाडतांना हात चुकला, तर आधींचे सारे श्रम वायां जातात.

जुन्या गांवांच्या पांढरींतून माती नेतांना असा एखादा मणि हातीं लागतो. तो दोऱ्यांत ओंवण्याचा मोह साहजिक आहे. परंतु मणि कोणत्या थरांत, कोणत्या खापरांशेजारीं होता, यावरूनच त्याचा काळ कळतो. थरांतून उपटलेला मणि सुंदर राहील, पण मुका होईल. तो जागीं ठेवून पुरातत्त्व खात्यास कळविणें, हाच त्याचा खरा मान. ज्याला दागिना घडविण्याची हौस आहे, त्याच्यासाठीं बांधावर फेकलेली गारगोटी आहेच. तिला अजून कोणाचा हात लागलेला नाहीं.