वाळवीच्या शेतातली अळंबी

पावसाळ्यात कोकणात आणि गोव्यात वारुळांभोवती जी रानअळंबी उगवते, तिची खरी शेतकरीण आहे वाळवी! वाळका पाला, लाकूड खाऊन वाळवी जमिनीखाली विष्ठेची जाळीदार पोळी रचते आणि तिच्यावर टर्मिटोमायसिस ही बुरशी वाढवते. लाकडातले कठीण घटक बुरशी पचनाजोगे करते आणि वाळवीचं पोट भरतं. जमिनीत ओल मुरली की याच बुरशीच्या छत्र्या मातीतून वर येतात. म्हणून तर या अळंबीचा देठ मुळासारखा खोल गेलेला असतो. हे सहजीवन सुमारे ३ कोटी वर्षांचं. माणसाची शेती जेमतेम १०-१२ हजार वर्षांची. धिंगरी अळंबी आपण शेडमध्ये पिकवतो, पण वाळवीशिवाय या रानअळंबीचं पीक अजून कुणाला साधलेलं नाही. गोव्यातली अळम्यांची शाकुती वाळवीच्याच जिवावर!

मात्र रानातली अळंबी खाताना जपा: हळद घालून किंवा चांदीचा चमचा बुडवून विषारी अळंबी ओळखता येत नाही, आणि काही विषं शिजवूनही जात नाहीत. जाणकारानं ओळखलेलीच अळंबी खा. आणि तोडताना वारूळ मात्र फोडू नका. पुढच्या पावसातलं पीक त्याच्याच पोटात आहे.