कात्रीची निगा
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



श्रीसंत सेना महाराजांना वंदन करून आम्ही विषयास हात घालतो. शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा प्रश्नांवर समाजाच्या व्यासपीठांवरून पुष्कळ बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या हत्यारावर आपल्या कितीतरी घरांची चूल पेटते, त्या कात्रीविषयी फारसे कोणी बोलत नाही. आज तिच्याचविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

त्यासाठी महाबळेश्वराहून उचित स्थळ कोणते? सुमारे १,३५० मीटर उंचीवरील या गावी वर्षाकाठी ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. धुके दारावाटे थेट घरात येते. अशा हवेत ओली कात्री धोकटीत टाकून निजणारा कारागीर स्वतःच्याच भाकरीला गंज लावून घेत असतो.

कोणी म्हणेल, "आमची कात्री तर स्टेनलेस पोलादाची!" बंधूंनो, या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असते. त्यामुळे पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म संरक्षक थर धरतो, आणि तोच गंजास अडवितो. परंतु क्लोरीनयुक्त द्रावणात कात्री तासन्‌तास बुडवून ठेवली, किंवा कलप व केस सरळ करण्याची रसायने तिच्यावर वाळू दिली, तर तो थर भंगतो आणि पात्यास बारीक खड्डे पडतात. तेव्हा स्टेनलेस म्हणजे अमर नव्हे.

निगेचा नित्यक्रम साधा आहे. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर केस झटकावे व पाती स्पिरिटने पुसावी. यात गिऱ्हाइकाच्या आरोग्याची जबाबदारीही आहे. रात्री मऊ कापडाने, धारेच्या मागील बाजूने, सांध्याकडून टोकाकडे पुसत जावे. कात्री उघडून सांध्यावर तेलाचा एक थेंब सोडावा, दोनचार वेळा उघडझाप करावी व जादा तेल टिपून घ्यावे. चामड्याचे पाकीट ओल धरून ठेवते. म्हणून पावसाळ्यात कात्री कोरड्या कापडात गुंडाळावी.

सांध्याचा ताण असा पाहावा. कात्रीची टोके वर करून एक कडी धरावी, दुसरे पाते आडवे होईपर्यंत उचलावे व सोडून द्यावे. ते सावकाश खाली येऊन, कात्री थोडी उघडी असतानाच थांबले, तर ताण बरोबर. खाडकन मिटले तर स्क्रू सैल आहे. जागचे हललेच नाही तर फार घट्ट. सैल कात्री केस कापण्याऐवजी दुमडते, तर घट्ट कात्री अंगठ्यास राबविते.

आता धारेविषयी. आपले वाडवडील वस्तरा दगडावर लावून चामड्याच्या पट्ट्यावर फिरवीत. ती विद्या त्यांच्या हातात होती. आजच्या बहिर्वक्र धारेच्या कात्रीचे पाते आतून किंचित पोकळ घासलेले असते. ती रस्त्यावरच्या सुरीवाल्याच्या चाकावर दिली, तर ती पोकळी सपाट होते आणि उष्णतेने पोलादाचे पाणी उतरते. मग हप्त्याने घेतलेली कात्री हप्ते फिटण्याआधीच निकामी होते. जर्मनीचे सोलिंगेन असो, जपानचे सेकी असो, वा ज्याच्या कात्रीस २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले ते आपले मेरठ असो, कात्री कोठलीही असली तरी तिची धार जाणत्याच्याच हाती द्यावी. कागद वा प्लास्टिक कापण्यास तर ती कधीही घेऊ नये.

ही काळजी केवळ पोलादाची नव्हे. बोथट कात्रीने काम करणारा दिवसभर अधिक जोर लावतो. तो जोर अंगठ्यात व मनगटात साठतो, आणि ऐन कर्त्या वयात हात दुखू लागतो. कात्री नवी घेता येते. हात नवा मिळत नाही.

येथून जवळच प्रतापगड आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी, सय्यद बंडाने शिवरायांवर तलवार उगारली त्या क्षणी, जिवा महाला पुढे धावले. त्या प्रसंगाचा अभिमान आपण सांगतो. परंतु प्रसंग पडल्यावर हत्याराला धार लावण्यास सवड नसते, हा त्यातील धडाही आपण घ्यावा.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की आपल्या मुलांना, आणि आता या व्यवसायात येणाऱ्या आपल्या मुलींनाही, केस कापण्याचा पहिला धडा देण्यापूर्वी कात्री पुसण्याचा धडा द्यावा.