वाळवंटातली वाळुंज



वाळवंट म्हटलं की शाळकरी मुलाला राजस्थान आठवतं. वारकऱ्याला आठवते नदीकाठची वाळू, आळंदीला इंद्रायणीची आणि पंढरपूरला चंद्रभागेची. या दोन्ही तऱ्हेच्या वाळवंटांत वाढणारं झाडांचं एक घराणं आहे. मध्य आशियाच्या रखरखीत मुलखात युफ्रेटिस पॉप्लर नावाचा वृक्ष नदी धरून उभा असतो. आपल्याकडे लडाखमध्ये नुब्राच्या खोऱ्यातही तो आहे. त्याचीच भाऊबंद असलेली वाळुंज पवना-इंद्रायणीच्या खोऱ्यातली. पानं लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, खालून पांढुरकी. वारा आला की सगळं झाड रुपेरी दिसतं.

वाळुंज एकटी राहत नाही. पात्रातल्या खडकांत शेरणीची झुडपं असतात. पुराच्या लोंढ्यात ती वाकतात, पण मुळं खडक सोडत नाहीत. जवळच लव्हाळा. तो पुरात कसा तगतो, हे देहूच्या काठाला सांगायला नको. त्याच्या वरच्या बाजूला, ओल टिकते तिथं, वाळुंज. आणखी वर, दरडीवर, करंज, उंबर, जांभूळ आणि अर्जुनसादडा. पाणी किती चढतं आणि किती दिवस राहतं, त्यावर प्रत्येकाची पायरी ठरलेली आहे.

वाळुंजीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. पावसाळा सरला की फुलोरा येतो. मग रेशमी तंतूंचं बारीक बी वाऱ्यावर आणि पाण्यावर निघतं. या बियांचं आयुष्य थोड्या दिवसांचं. तेवढ्यात पूर ओसरून उघडा पडलेला ओला गाळ मिळाला, तर रोप. नाही तर काहीच नाही. पॉप्लरचीही हीच गत. चीनमधल्या तारीम नदीवर 1970च्या दशकात बंधारे झाले. खालचं 300 किलोमीटरहून अधिक पात्र आटलं आणि काठची पॉप्लरची रानं वठत गेली. 2000 सालापासून पाणी सोडायला लागले, तेव्हा काठ थोडा थोडा हिरवा होऊ लागला.

आपल्या नद्या आटलेल्या नाहीत, काठ मात्र आटत चालला आहे. पिंपरी-चिंचवड महापालिका 1982 साली झाली. पवनेकाठी वस्ती दाटली, इंद्रायणीपलीकडे चाकणपर्यंत कारखाने उभे राहिले. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पात्र झाकते. काठावर बेशरम आणि सुबाभूळ माजतात. भराव पडतो, भिंत उभी राहते, आणि बियांना टेकायला ओला गाळच उरत नाही. झाडावर कुऱ्हाड पडली तर सगळ्यांना दिसते. पाळणा हिरावला तर कोणाला कळतही नाही. जुनी झाडं उभी असतात, म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. त्यांच्याखाली एकही रोप नसतं.

म्हणून एक मागणं आहे. नदीकाठ सुशोभित करताना पाण्यालगतचा ओला पट्टा मातीचाच राहू द्या. तिथं गुलमोहर नको, हिरवळीचा गालिचा नको. याच खोऱ्यातल्या वाळुंजीच्या फांद्या लावा. त्या ओल्या मातीत सहज मुळं धरतात. मात्र नर आणि मादी दोन्ही झाडांच्या घ्या, म्हणजे पुढची पिढी बियांतून येईल. आणि त्याआधी नदीत जाणारं सांडपाणी थांबवा. झाड लावणं आपल्या हातात आहे. त्याची जागा राखणं ही आपली जबाबदारी आहे.