फॉस्फेट इस्टर : खडकापासून फवारणीपर्यंत

(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



स्फुरद म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सुपर फॉस्फेटचे पोते येते. त्याच स्फुरदाचे दुसरे रूप आपल्या घरातील कीटकनाशकाच्या डब्यात असते. त्याला सेंद्रिय फॉस्फेट इस्टर म्हणतात. येथे 'सेंद्रिय' म्हणजे शेणखतासारखे निर्धोक नव्हे. कार्बनयुक्त एवढाच त्याचा अर्थ.

रॉक फॉस्फेटवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली की सुपर फॉस्फेट मिळते. तोच खडक वाळू व कोक यांच्याबरोबर विजेच्या भट्टीत तापविला की पिवळा फॉस्फरस मिळतो. त्यापासून क्लोरीनच्या साहाय्याने फॉस्फरस ट्रायक्लोराइड व पुढे फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड बनवितात. त्यात अल्कोहोल किंवा फिनॉल मिसळले की इस्टर तयार होतो.

उद्योगात याचे उपयोग पुष्कळ आहेत. ट्रायफिनाइल फॉस्फेट प्लास्टिकला लवकर आग लागू देत नाही. ट्रायक्रेसिल फॉस्फेट पीव्हीसी मऊ करते व वंगणात वापरतात. ट्रायब्यूटाइल फॉस्फेटने अणुभट्टीतील वापरलेल्या इंधनातून युरेनियम वेगळे काढतात. मात्र हे पदार्थ पोटात गेले तर अनर्थ होतो. १९८८ साली कोलकात्याच्या बेहाला भागात ट्रायक्रेसिल फॉस्फेट मिसळलेले खाद्यतेल खाऊन शेकडो लोकांचे हातपाय लुळे पडले.

आता आपल्या शिवाराकडे वळू. १९३०च्या दशकात जर्मनीत गेरहार्ड श्राडर कीटकनाशके शोधत होते. त्यांना या गटातील जहाल संयुगे सापडली. त्यांतील टॅबून हा पुढे युद्धातील विषारी वायू ठरला. मोनोक्रोटोफॉस, डायक्लोरव्हॉस ही याच कुळातील. किडीच्या मज्जातंतूंचे काम आवरणारे कोलिनएस्टरेज नावाचे विकर ही औषधे बंद पाडतात. तेच विकर आपल्याही शरीरात आहे. म्हणून जे माव्याला मारते, ते माणसालाही मारू शकते.

पुष्कळजण म्हणतात, "साहेब, वीस वर्षे फवारतो, काही झाले नाही." यातच फसगत आहे. घटलेले विकर भरून यायला कित्येक आठवडे लागतात. रोज फवारणाऱ्या मजुराच्या अंगात ही तूट साचत जाते आणि एखाद्या दिवशी थोडेसे औषधही भारी पडते. २०१७च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी उंच व दाट वाढली होती. तेथे फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यांनी औषध प्यायले नव्हते. ते त्वचेतून व श्वासातून अंगात गेले होते.

म्हणून पुढील गोष्टी पाळा.

१) हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, तोंडावर मास्क व डोळ्यांवर चष्मा वापरा. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नका. नोझल तोंडाने फुंकू नका.

२) एकाच माणसाकडून रोज फवारणी करून घेऊ नका. मजुरांना आलटून-पालटून लावा.

३) इस्टर अल्कलीत फुटतो. त्यामुळे बोर्डो मिश्रणात ही औषधे मिसळू नका, औषध वाया जाते. याच कारणाने अंगावर सांडताच कपडे काढून साबणाने भरपूर धुवा.

४) घाम व लाळ सुटणे, बाहुल्या बारीक होणे, स्नायू फडफडणे, दम लागणे ही लक्षणे दिसताच दवाखाना गाठा. उलटी करवू नका. डबा किंवा लेबल सोबत न्या. अ‍ॅट्रोपिन व प्रॅलिडॉक्सिम ही औषधे उपलब्ध आहेत. पण प्रॅलिडॉक्सिमचा उपयोग उशीर झाल्यास होत नाही.

५) डायक्लोरव्हॉस, फॉस्फामिडॉन, फोरेट व ट्रायझोफॉस यांवर २०२०च्या अखेरीपासून बंदी आहे. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के यावरही केंद्र शासनाने २०२३ मध्ये बंदीचा निर्णय घेतला. कोनाड्यातील जुना डबा 'वाया जाईल' म्हणून वापरू नका. रिकाम्या डब्यात पाणी वा तेल कधीही भरू नका.

पीक एखाद्या हंगामात गेले तर पुढच्या हंगामात येते. फवारणारा माणूस गेला तर ते घर उघडे पडते. पंप पाठीवर घेण्यापूर्वी, आणि दुसऱ्याच्या पाठीवर देण्यापूर्वी, एवढे ध्यानात ठेवा.