गाडीची चाकं घरी रंगवायची की बाहेर द्यायची?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला होता. गाडीचे रिम खराब झालेत, फुटपाथला घासलेत, रंग उडालाय, तर स्प्रेचे डबे आणून घरीच मारू का? की दुकानात देऊ? आज फक्त यावरच बोलूया.

मी हे दोन्ही करून बघितलंय. बाबांच्या जुन्या वॅगनआरला साधे लोखंडी रिम आहेत, ते मी घरी रंगवले. माझ्या सेकंड-हँड हॅचबॅकला अलॉय आहेत, ते मी बाहेर दिले. दोन्हीचे पैसे आणि तास मी एक्सेल शीटमध्ये लिहून ठेवले. इंजिनिअर माणूस, सवय जात नाही. पण सगळं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की ‘घरी की बाहेर’ हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा, की चाकाला नेमकं झालंय काय? त्याचं उत्तर मिळालं की दुसऱ्याचं आपोआप मिळतं.

आधी घरचं काम सांगतो. लोखंडी रिमला प्रॉब्लेम एकच असतो, गंज. बाकी तो दणकट. ठोकर बसली तर वाकतो, पण सहसा तडकत नाही. त्यामुळे शिकायला हा उत्तम. मी एका वेळी एकच चाक काढायचो आणि त्या जागी स्टेपनी लावायचो. वॅगनआरची स्टेपनी बाकीच्या चाकांच्याच मापाची आहे, म्हणून हे जमलं. गाडी चार-चार दिवस जॅकवर टांगून ठेवायची नाही, हे पक्कं लक्षात ठेवा. जॅक फक्त चाक बदलण्यापुरता असतो.

आता क्रम ऐका. आधी साबणाच्या पाण्याने चाक आतून-बाहेरून धुवायचं. ब्रेकची काळी पूड रिमला इतकी चिकटलेली असते, की तिच्यावर मारलेला रंग पापुद्र्यासारखा निघतो. मग वायर ब्रशने सुटा गंज काढायचा. मग पॉलिश पेपर, आधी १२० नंबर, मग २४०, मग ४००. त्यानंतर थिनरच्या फडक्याने पुसून घ्यायचं आणि पुढे उघड्या हाताने चाकाला शिवायचं नाही. बोटांचं तेल लागलं, की तेवढ्या जागी रंग धरत नाही.

टायर न काढता रंगवायचं असेल तर एक सोपी युक्ती आहे. टायरमधली थोडी हवा काढा आणि रिम आणि टायरच्या फटीत जाड कागदाचे तुकडे उभे खोचत जा. लोक पत्त्यांचा कॅट वापरतात. आमच्याकडे जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा होता, त्या कापल्या. बाबा म्हणाले, “चला, कुणाच्या तरी लग्नाचा उपयोग झाला.”

मग प्रायमर. लोखंडाला रेड ऑक्साईड चालतो. अलॉय म्हणजे ॲल्युमिनियम, त्याच्या उघड्या धातूवर तो नीट धरत नाही. तिथे एच प्रायमर लागतो. दुकानदाराने काहीही हातात दिलं तरी डब्यावर काय लिहिलंय ते वाचा. प्रायमर वाळला की हलक्या हाताने घासा, मग रंगाचे तीन पातळ हात, मग क्लिअर कोटचे दोन. पातळ म्हणजे खरंच पातळ. डबा वीस-पंचवीस सेंटीमीटर लांब धरायचा आणि दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. एकाच हातात चकचकीत करायला गेलात की ओघळ आलाच. आपण कोड थेट प्रॉडक्शनवर टाकत नाही ना? मग पहिला फवारा पुठ्ठ्यावर मारून बघा.

दोन गोष्टी मात्र कुठल्या व्हिडिओत फारशा सांगत नाहीत, आणि त्याच सगळ्यात महत्त्वाच्या आहेत.

पहिली. रिमची मागची सपाट बाजू, जी हबला टेकते, आणि नट जिथे बसतो ती वाटी, या दोन जागी रंग नको. मास्किंग टेप लावून झाका. कारण नट आवळला की मधला रंगाचा थर दाबला जातो. पुढे गाडी चालून तो थर चुरतो, म्हणजे जेवढी जाडी गेली तेवढा नट ढिला. चाक दिसायला सुंदर आणि नट सैल, असली गाडी हायवेवर कुणालाच नको. म्हणून चाक परत लावताना नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला आवळा, आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा.

दुसरी गोष्ट तुमच्या फुप्फुसांची. क्लिअर कोट दोन प्रकारचा मिळतो, वन-के आणि टू-के. टू-केमध्ये हार्डनर असतो. तो कडक बसतो, पेट्रोल सांडलं तरी सहसा टिकतो, म्हणून नेटवर सगळे तोच घ्या म्हणतात. पण त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. स्प्रे पेंटिंग करणाऱ्या कामगारांना त्याने दमा होतो, हे जगभर माहिती असलेलं आहे. आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली, की पुढे अगदी थोडं हुंगलं तरी त्रास होतो. आपल्या घरात कोविडपासून पडलेले मास्क यासाठी नाहीत, ते धूळ अडवतात, वाफ नाही. त्यामुळे घरी वन-के, तोसुद्धा मोकळ्या हवेत आणि वाफेसाठीच्या फिल्टरचा मास्क लावून. टू-के हवाच असेल तर काम बाहेर द्या. सोसायटीच्या बंद पार्किंगमध्ये तर कुठलाच स्प्रे नको. तुमची फुप्फुसं तर आहेतच, शिवाय उडालेला रंग शेजाऱ्यांच्या गाडीवर जाऊन बसतो आणि मग मीटिंगमध्ये विषय निघतो.

आणि पावसाळ्यात हे काम काढूच नका. रंगातला थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, दमट हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि क्लिअर कोट दुधट पांढरा पडतो. पुण्यात दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने सगळ्यात चांगले. कोकणातल्या मंडळींनी कोरडा दिवस बघून सकाळी ऊन चढल्यावर करावं.

माझा हिशोब ऐका. चार चाकांना सात डबे लागले, शिवाय पेपर, टेप, ब्रश, थिनर, मास्क. सगळे मिळून साधारण ३,४०० रुपये. वेळ दर चाकाला साडेपाच तास, म्हणजे २२ तास. तीन वीकेंड गेले. जवळून बघितलं तर घरचं काम आहे हे कळतं. चार फुटांवरून मात्र झकास दिसतं. बाबा खूश आहेत, मीही आहे. आणि २२ तास नसतील तर लोखंडी रिमला व्हीलकॅप लावा, काही बिघडत नाही.

आता अलॉय. आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, म्हणून फुटपाथला डावीच चाकं जास्त घासतात. माझीही डावीच. शिवाय माझे रिम डायमंड कट आहेत, म्हणजे पुढचा भाग लेथवर कापून चमकवलेला आणि त्यावर क्लिअर कोट. हा फिनिश हाताने येत नाही. लेथवर पुन्हा कापावा लागतो आणि प्रत्येक वेळी थोडा धातू जातो, त्यामुळे हे किती वेळा करायचं याला मर्यादा असते. मला मिळालेले दर असे होते, साधं पावडर कोटिंग चाकाला २,२०० आणि डायमंड कट ३,८००. टायर उतरवणं आणि बॅलन्सिंग वेगळं. मी एकाच रंगाचं पावडर कोटिंग निवडलं. चारही चाकं दिली, भोसरीच्या बाजूला एका छोट्या शेडमध्ये.

दोन दिवसांनी तिथल्या काकांचा फोन आला. “साहेब, जमलं तर येऊन जा. तीन चाकं करतो. चौथं करणार नाही.”

गेलो. चारही चाकांचा जुना रंग उतरवून झाला होता. काकांनी पुढचं डावं चाक उलटं ठेवलं आणि म्हणाले, “इथं नख फिरवा.” आतल्या बाजूला, बाहेरून कधीच दिसणार नाही अशा जागी, नख किंचित अडकलं. मग त्यांनी एका बाजूने रॉकेल लावलं आणि दुसऱ्या बाजूवर खडू घासला. थोड्या वेळाने पांढऱ्या खडूवर केसासारखी एक ओली रेघ उमटली. आरपार तडा.

त्या चाकाची हवा दर आठवड्याला पाच-सहा पीएसआय उतरत होती. दोनदा पंक्चरवाल्याकडे नेलं होतं, दोन्ही वेळा टायरमध्ये काही सापडलं नव्हतं. सापडणार कसं? टायर ठीकच होता. खड्ड्यातला दणका रिमच्या आतल्या कडेला बसतो आणि अलॉय तिथेच तडकतो. याच गाडीने मी आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला जातो, खंबाटकी घाट उतरून. त्यावर ताजा काळा रंग बसला असता तर ती रेघ कुणालाच दिसली नसती.

मी विचारलं, “काका, वेल्डिंग?” ते म्हणाले, “करणारे आहेत. मी करत नाही.” आणि खरंच, दुसऱ्या एका दुकानात फोनवर मला सांगितलं गेलं, “वेल्ड मारून रंगवून देतो, कळणारसुद्धा नाही.” मला तर कळायलाच हवं होतं. अलॉय ओतल्यानंतर उष्णतेची प्रक्रिया देऊन त्याच्यात ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या भागातली ती ताकद जाते. तडा बुजतो, पण चाक पहिल्यासारखं होत नाही. मी नवीन चाक घेतलं, ८,६०० रुपये. खिशाला लागलं, पण झोप शांत लागते.

हेच कारण पावडर कोटिंगलाही लागू आहे. पावडर साधारण १८० ते २०० अंशांच्या भट्टीत वितळवतात. नीट तापमानाला, ठरावीक मिनिटं ठेवलं तर ठीक. पण भट्टीला तापमानाचा काटाच नाही, अंदाजपंचे चाललंय, तर तिथून निघा. देण्याआधी विचारायचे प्रश्न लिहून घ्या. भट्टी किती अंशाला, किती वेळ? जुना रंग पूर्ण उतरवता की वरूनच मारता? नटाच्या वाट्या आणि मागची बाजू झाकता का? तडा सापडला तर काय करता? आणि एक डोळ्यांनी बघायचं. तिथला पोरगा तोंडाला नुसता रुमाल बांधून टू-के मारत असेल, तर जो स्वतःच्या माणसाची काळजी घेत नाही तो तुमच्या चाकाची काय घेणार?

तर मंडळी, थोडक्यात. लोखंडी रिम, वरवरचा गंज, हातात वेळ असेल तर घरी करा, मजा येते. अलॉयवर एखाददुसरा ओरखडा असेल तर घरीच थोडी लांबी भरून, घासून, टचअप करा. डायमंड कट असेल, सगळीकडून पापुद्रे निघत असतील, तर बाहेर द्या. पण हवा उतरत असेल, स्टिअरिंग थरथरत असेल किंवा मोठ्या खड्ड्यात आपटलं असेल, तर रंगाचा विषयच बाजूला ठेवा. आधी टायर उतरवून रिम आतून तपासून घ्या. तडा निघाला तर चाक बदला.

आणि हो, रंगवायचं नसलं तरी पुढच्या वेळी टायर बदलायला जाल, तेव्हा दोन मिनिटं मागा आणि रिमच्या आतल्या कडेवरून नख फिरवा. फुकट आहे. काही अडकलं तर मला कळवा.

भेटू पुढच्या भागात. गाडी सावकाश चालवा!