काउंटरमागची शाळा

फाळणीनंतर सिंधी कुटुंबांनी वसवलेल्या जरीपटक्यात दुकानदारी शिकतात ती गल्ल्यावर बसून. बारटेंडरचं कामही तसंच. कोर्सची फी भरण्याआधी परमिट रूममध्ये हेल्पर म्हणून उभं राहावं. बाटल्या हवेत उडवणं नंतरचं, पाया मापाचा. स्मॉल 30 मिलीलिटर, लार्ज 60. मेजर काठोकाठ भरून थेंब न सांडता ओतणं हाताला सवयीनंच येतं. घरी पाण्यावर सराव करा. मोठी हॉटेलं प्रमाणपत्र मागतात ना? काही मागतात, खरं. पण गर्दीत आठ टेबलांच्या ऑर्डरी डोक्यात ठेवणं कागद शिकवत नाही. कायदा मात्र पाठ हवा: महाराष्ट्रात सौम्य बिअरला वय 21, व्हिस्की-रमला 25. बावीस वर्षांच्या गिऱ्हाईकाला मित्रांसमोर रम नाकारणं कॉकटेल ढवळण्याहून अवघड.